प्लाझ्मा पॉलिशचं मशीन घेताय? आधी जॉबचं क्षेत्रफळ काढा

शिरोलीच्या एका भावाने विचारलंय, थोडक्यात असं: "आमचं बफिंगचं (फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवायचं) छोटं युनिट आहे. एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) पंप इम्पेलर (पंपातली पात्यांची चाकं), डेअरीचे बेंड आणि युनियन (पाइपची वळणं आणि जोड), थोडे व्हॉल्व्हचे पार्ट. बफला माणूस मिळत नाही, मिळाला तर दिवाळीला गावाकडं जातो तो परत येत नाही. एका मशीनवाल्याने व्हिडिओ दाखवला, काळपट जॉब (पॉलिशला आलेला पार्ट) गरम पाण्यात सोडला, भोवती निळसर जांभळा उजेड, तीन मिनिटात आरशासारखा वर. म्हणतोय अ‍ॅसिड नाही, नुसतं खताचं पाणी आहे, पोल्युशनचं टेन्शन नाही. घ्यावं का? बिडाच्या कास्टिंगला चालेल का? आणि हुपरीला पाहुणे चांदीच्या धंद्यात आहेत, त्यांचंपण काम त्यातच काढता येईल काय?"

दादा, मी फिनिशिंगमध्ये बावीस वर्षं घालवली, पहिली पंधरा बफ आणि अ‍ॅसिडवाल्या इलेक्ट्रोपॉलिशमध्ये (अ‍ॅसिडच्या टाकीत करंट सोडून चमक आणायची) आणि नंतरची ह्या प्लाझ्मामध्ये, त्यामुळं सरळच सांगतो. मशीन खोटं नाही. व्हिडिओपण बहुतेक खराच असणार. फक्त त्या व्हिडिओतला जॉब केवढा होता ते परत एकदा बघा. चमचा, नट, घड्याळाची केस, असलंच काहीतरी असतंय. तुमचा इम्पेलर कुणी दाखवत नाही, आणि सगळा विषय तिथंच आहे.

आधी आत काय होतंय ते बघू, कारण ते कळलं की मशीनवाल्याला काय विचारायचं ते आपोआप कळतंय. टाकीत पाणी आणि त्यात मीठ, एसएससाठी नेहमीचं म्हणजे अमोनियम सल्फेट, साधारण ३ ते ५ टक्के. पाणी ७५ ते ९० डिग्रीला गरम. जॉबला प्लस, टाकीला किंवा आतल्या एसएसच्या पत्र्याला मायनस, आणि मध्ये २५० ते ३५० व्होल्ट डीसी. जॉब पाण्यात शिरला की पहिल्या क्षणी जबरदस्त करंट ओढतो, जॉबला चिकटलेलं पाणी तिथल्या तिथं उकळतं आणि वाफेचं एक पातळ कवच जॉबभोवती बसतं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब तव्याला न टेकता नाचत पळतात ना, तसंच, फक्त इथं थेंबाऐवजी अख्खी टाकी आहे आणि तव्याच्या जागी तुमचा जॉब. आता जॉब आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मध्ये केसाच्या जाडीएवढी वाफ, आणि सगळे तीनशे व्होल्ट त्या तेवढ्याशा वाफेवर पडतात. मग वाफेतून बारीक बारीक डिस्चार्ज सुरू होतात, तोच तो उजेड, आणि तोच नावातला प्लाझ्मा. जॉबवरचा बारीक उंचवटा पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून करंट तिथं जास्त, म्हणून धातू तिथला आधी जातो. खड्ड्यातला तसाच राहतो. असं होत होत पृष्ठभाग सपाट होतो. आणि एवढा खेळ चालू असून खालचा धातू शंभर-सव्वाशे डिग्रीच्या वर जात नाही, त्यामुळं हार्डनेस वगैरे उतरत नाही, पातळ पार्ट वाकडा होत नाही. हे मला स्वतःला ह्या प्रोसेसमधलं सगळ्यात आवडलेलं.

हे काल-परवाचं संशोधन आहे असं कुणी सांगत असेल तर तसं काही नाही. साधं इलेक्ट्रोपॉलिशिंग जॅके नावाच्या फ्रेंच माणसाने १९३० ला पेटंट केलं, आणि पाण्यात अ‍ॅनोडवर (प्लसच्या बाजूवर) हे वाफेचं कवच बसून करंट पडतो त्यावर केलॉग नावाच्या अमेरिकन माणसाने १९५० ला नीट अभ्यास करून पेपर लिहिलाय. पुढं पॉलिशिंगसाठी ते वापरायचं काम सोव्हिएत काळात तिकडं बेलारूस, मोल्दोव्हा बाजूला वाढलं, मग जर्मनीत मशीनं झाली. आपल्याकडं आत्ता आत्ता लोक विचारायला लागलेत.

आता ह्या वाफेच्या कवचामुळं एक उलटं गणित तयार होतं आणि नवीन माणूस हमखास तिथंच फसतो. आपल्याला सवय अशी की करंट जास्त जातोय तर व्होल्टेज कमी करा. इथं व्होल्टेज कमी केलं की कवच फाटतंय, पाणी परत जॉबला लागतंय, आणि करंट कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी पटीने वाढतोय. गार पाण्याचंही तसंच. आमच्याकडं एकदा जानेवारीत सकाळी पोराने घाई केली, मीटरवर ५५ डिग्री असताना पहिला जॉब सोडला, म्हटला "चालतंय की, सुरू झाल्यावर तापेल". धाडकन ब्रेकर पडला, परत चढवला, परत पडला, तिसऱ्या वेळेला रेक्टिफायरचं (एसीचं डीसी करणाऱ्या सप्लायचं) मॉड्यूल गेलं आणि तो जॉब चमकायच्या ऐवजी काळा, खरबरीत, चाळणीसारखा. आठ दिवस मशीन बंद, पार्टी रोज फोनवर. तेव्हापासून ७५ च्या खाली रेक्टिफायर चालूच होणार नाही असा इंटरलॉक टाकलाय. वरच्या बाजूलापण हद्द आहे, ९५ च्या पुढं टाकी स्वतःच उकळायला लागते, कवच जाड आणि अस्थिर होतं, जॉबवर ढगासारखे डाग येतात.

आता तुमचा हिशोब. आपण बफिंगचा रेट नगावर नाहीतर किलोवर लावतो. इथं किलो विसरा, इथं सगळं चौरस सेंटिमीटरवर. पॉलिश चालू असताना करंट साधारण ०.२ ते ०.५ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर लागतो. तुमचा छोटा इम्पेलर घेऊ, सगळ्या बाजू, व्हेन (पाती), बॉस (मधला जाड भाग) धरून ३०० चौरस सेंटिमीटर. करंट कमीतला धरू, ०.२५. झाले ७५ अँपिअर. गुणिले ३०० व्होल्ट, साडेबावीस किलोवॅट. एका इम्पेलरला! आणि हा स्थिर झाल्यानंतरचा आकडा, पाण्यात शिरताना याच्या काही पट ओढतो, म्हणून जॉब हळूहळू खाली सोडणारं लिफ्ट लागतं, एकदम डुबुक करून टाकता येत नाही. तो तुम्हाला ३० किलोवॅटचं मशीन देत असेल तर एकावेळी एकच इम्पेलर निघणार, चार जिगला (जॉब टांगायच्या पकडीला) लावले आणि काढले असं होणार नाही. पाच मिनिटांचा सायकल धरला तर जॉबमागे १.९ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, १९ रुपये नुसत्या पॉलिशची लाइट. वाईट नाही, बफवाल्याची मजुरी, साबण, व्हील, धूळ धरली तर परवडतंय. पण महावितरणचा मंजूर लोड वाढवून घ्यायला लागणार त्याचा खर्च मशीनवाल्याच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.

आणि ती साडेबावीस किलोवॅट जाते कुठं? जवळजवळ सगळी पाण्यात, उष्णता म्हणून. ५०० लिटरची टाकी असेल तर सकाळी २५ वरून ८० डिग्रीला न्यायलाच ३२ युनिट लागतात, म्हणजे ९ किलोवॅटचा हीटर असला तर साडेतीन तास. पोरं आठला आली तर पहिला जॉब साडेअकराला, म्हणून टायमर लावून पहाटे हीटर चालू करायला लागतो, आणि टाकीला इन्सुलेशन पाहिजे. पण एकदा काम सुरू झालं की उलटी बोंब. प्रत्येक इम्पेलर टाकीला कागदावर सव्वातीन डिग्री चढवतो, वाफ होऊन जाते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. म्हणजे सलग पाच-सहा नग झाले की तुम्ही ९५ च्या जवळ. मग थांबा. कूलिंग कॉइल किंवा बाहेर हीट एक्स्चेंजर नसेल तर रोज अर्धा दिवस गार व्हायची वाट बघण्यात जातो. व्हिडिओत एक जॉब असतो, म्हणून हे दिसत नाही. मशीनवाल्याला विचारा की सलग चार तास माझा जॉब चालवून दाखव, टेंपरेचरचा मीटर मला दिसला पाहिजे. बरेच जण तिथं विषय बदलतात.

बिडाचं विचारलंय. नाही. आपलं अख्खं कोल्हापूर ग्रे आयर्न आणि एसजीवर (बिडाचेच दोन प्रकार) जगतंय म्हणून हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी काय. पण बिडात ग्राफाइट असतंय, ते असं विरघळत नाही, आजूबाजूचं लोखंड जातं आणि ग्राफाइट उघडं पडतं, जॉब राखाडी काळा निघतो आणि टाकीतून काढून धुवेपर्यंत गंज चढायला लागतो. साधं माइल्ड स्टील वेगळ्या मिठात करता येतं, पण तिथंपण गंजाचं दुखणं आहेच. ह्या टाकीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे एसएस, ३०४, ३१६, आणि ४१० सारखे ग्रेडसुद्धा. ३०३ जरा जपून, त्यात मशिनिंग सोपं जावं म्हणून सल्फर असतंय, ती जागा आधी खाल्ली जाते आणि बारीक पिनहोल दिसतात. तांबं-पितळ होतंय पण त्याचं पाणी वेगळं. टायटॅनियमला फ्लोराइडचं मीठ लागतं आणि त्याची वाफ म्हणजे गंमत नाही, त्या वाटेला तुम्ही जाऊच नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. हे मशीन बफला पर्याय आहे, पट्ट्याला (घासायच्या एमरी बेल्टला) नाही. एका मिनिटात २ ते ८ मायक्रॉन धातू जातो, एसएसला मी ३ धरतो. पाच मिनिटात १५ मायक्रॉन. तुमच्या कास्टिंगवरचा चरा असतो पन्नास मायक्रॉन खोल. मग काय होणार? चरा तसाच राहणार, फक्त चकचकीत होणार. आधी मळकट चरा होता तो लपत होता, आता लांबून दिसतो. कास्टिंगचे ब्लोहोल, पिनहोल बफवाला दाबून, साबण भरून झाकतो, ही टाकी काही झाकत नाही, उलट उघडं करते. आमच्या एका पार्टीने इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचे चाळीस नग दिले, पॉलिशनंतर अकरा नगांवर खड्डे दिसले, म्हणाले तुम्ही खराब केले. मग न पॉलिश केलेला नग त्यांच्यासमोर भिंगाखाली धरला तेव्हा गप्प झाले, पण पैसे अजून पूर्ण आले नाहीत ते सोडा.

तर माझा अनुभव असा की आरए (पृष्ठभागाच्या खरबरीतपणाचं माप) १ मायक्रॉनच्या वर असेल तर टाकीत टाकूच नका, आधी पट्ट्यावर २४० ग्रिटपर्यंत आणा. तिथून टाकीत ०.१ च्या आसपास सहज उतरतो, चमक मस्त येते. म्हणजे तुमचा पट्टेवाला माणूस राहणारच, जाणार तो बफवाला. आणि टाकीत टाकायच्या आधी तेल, कटिंग ऑइल, बफचा साबण सगळं धुऊन निघालं पाहिजे, ग्रीसचं बोट लागलेलं असलं तरी तेवढ्या बोटाचा ठसा जॉबवर उमटतो, खरंच अंगठ्याची रेषा मोजता येते.

आकारावरपण बरंच अवलंबून आहे. बाहेरचा कोपरा न कोपरा सुंदर निघतो, बारीक बर्र जातात, धार किंचित गोल होते (धार पाहिजे असलेला पार्ट असेल तर हेच नुकसान). पण आतल्या बाजूला, बंद इम्पेलरच्या व्हेनच्या पोटात, लांब नळीत, खोल भोकात काही होत नाही, तिथं वाफ कोंडून बसते. तुमचे डेअरीचे बेंड, ज्यांची आतली बाजूच महत्त्वाची, ते साध्या टाकीत होणार नाहीत हे आत्ताच लिहून ठेवा. आणि जॉब कसा टांगायचा हे निम्मं काम आहे. सपाट बाजू खाली तोंड करून टांगली की वाफेचे बुडबुडे तिथं अडकतात आणि पट्टे उठतात, तिरका टांगला की निघून जातात. क्लॅम्प जिथं धरतो तिथं डाग राहतो, म्हणून ड्रॉइंग बघून न दिसणारी जागा आधी ठरवायची. क्लॅम्प ढिला असेल तर तिथं ठिणगी पडून जॉबला भोक पडतं. जिगचा जेवढा भाग पाण्यात तेवढाही करंट खातो, त्यामुळं जिग शक्य तेवढा बारीक ठेवायचा, पण इतकापण बारीक नाही की ७५ अँपिअरला लाल होईल. आमचे पहिले सहा महिने नुसते जिग बनवण्यात गेले, मशीन शिकायला पंधरा दिवस लागले असतील.

"खताचं पाणी, पोल्युशन नाही" ह्यावर जरा थांबतो. अमोनियम सल्फेट हे खत आहे हे खरं, कृषी केंद्रात पोत्याने मिळतंय. पण ते पोतं टाकीत ओतू नका, खताच्या ग्रेडमध्ये बाकीची अशुद्धी असते आणि क्लोराइड आलं की एसएसला पिटिंग आलंच. शुद्ध ग्रेड घ्या आणि पाणी डीएमचं (क्षार काढलेलं) घ्या, बोअरचं नको. मीठ स्वस्तच आहे, तिथं वाचवायला काही नाही. अ‍ॅसिडच्या टाकीपेक्षा हे काम करणाऱ्या माणसाला कितीतरी बरं, ह्यात वादच नाही, फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिकच्या टाकीवर मी हात भाजून घेतलेत. पण मीठ साधं असलं तरी त्यात जे विरघळतंय ते साधं नाही. तुमचा एक इम्पेलर १५ मायक्रॉनला साडेतीन ग्रॅम स्टील टाकीत सोडतो. शंभर नग झाले की साडेतीनशे ग्रॅम, त्यात ३०४ धरलं तर ६० ग्रॅमच्या वर क्रोमियम आणि २८ ग्रॅम निकेल. पाणी हिरवट तपकिरी होतं, तळाला गाळ बसतो, चमक कमी कमी होत जाते आणि एक दिवस टाकी बदलावी लागते. तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणतोच, "खतच आहे की, उसाला सोडून देऊ". माझ्याकडं एकाने टँकर पाठवतो म्हणून सांगितलं होतं, वर्षाचं पाणी फुकट न्यायला तयार. अजिबात नाही. निकेल-क्रोमचं पाणी शेतात सोडायचं नाही, नाल्यातपण नाही, शेवटी पंचगंगेलाच जातंय ते. पीएच वाढवून धातू खाली बसवायचे, फिल्टर प्रेसमधून गाळ काढायचा, तो गाळ २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट नियमांखाली अधिकृत जागी पाठवायचा, आणि प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये ही प्रोसेस लिहून घ्यायची. पाण्याची टेस्ट करताना हेक्साव्हॅलंट क्रोमपण (क्रोमचं विषारी रूप) बघायला सांगा. पीएच वाढवताना एक लक्षात ठेवा, अमोनियम मीठ आहे, पीएच वर गेला की अमोनिया सुटतो, डोळ्यातून पाणी येतं, हे बंद शेडमध्ये करायचं काम नाही. टाकीवरपण चांगला एक्झॉस्ट लागतोच, नाहीतर पावसाळ्यात त्या वाफेने शेडचे पत्रे आणि शेजारची लेथ गंजून जाते.

तीनशे व्होल्ट डीसी, खाली ओली जमीन, हातात ओला जॉब. इथं जुगाड नको. दार उघडलं की सप्लाय बंद, एमर्जन्सी बटण, रबर मॅट, हे नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आता गिऱ्हाइकाचा कागद. डेअरीवाल्याचं ड्रॉइंग उघडून बघा, दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाला ३-ए च्या (डेअरीच्या यंत्रांचं अमेरिकन) सॅनिटरी स्टँडर्डमध्ये आरए ०.८ मायक्रॉनपर्यंत चालतं. ते चांगल्या पट्ट्यावरच येतंय! म्हणजे त्या कामाला मशीन घेऊन तुम्ही गिऱ्हाइकाने न मागितलेली चमक स्वतःच्या खर्चाने देणार. फार्मावाल्यांचं वेगळं, तिथं एएसएमई बीपीई (फार्माच्या यंत्रांचं अमेरिकन स्टँडर्ड) मधला एसएफ४ फिनिश मागतात, ०.३८ मायक्रॉन आणि इलेक्ट्रोपॉलिश केलेला. इथं आकडा प्लाझ्मा आरामात गाठतो, पण कागदावर "इलेक्ट्रोपॉलिश" शब्द आहे आणि प्लाझ्मा म्हणजे तेच असं परस्पर धरता येत नाही. आधी नमुना द्या, आरए रिपोर्ट, सॉल्ट स्प्रेचा (गंजाच्या टेस्टचा) रिपोर्ट द्या, आणि डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं केलेलं) लेखी मंजूर करून घ्या. तोंडी "चालतंय" वर माल पाठवला की रिजेक्शन चलन येतंय, आणि तेव्हा "चालतंय" म्हणणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो.

तर घ्यावं का? तुमच्या मालात उघडे, हाताच्या पंजात मावणारे, मशिनिंग केलेले एसएस पार्ट किती आहेत ते मोजा. व्हॉल्व्हचे बॉल, स्टेम, छोटे फिटिंग, वाकडेतिकडे ब्रॅकेट, जिथं बफचं व्हील पोचत नाही पण पाणी पोचतं, असा माल महिन्यातले वीस दिवस मशीन चालवेल एवढा असेल तर घ्या, बिनधास्त. इम्पेलर आणि बेंडच्या जिवावर घेऊ नका. निर्णयाआधी तुमचे तीन वेगवेगळे जॉब, प्रत्येकी दहा नग, पट्टा मारून, आरए मोजून, वजन करून घेऊन जा, आणि दहाच्या दहा समोर उभं राहून करून घ्या, मग परत वजन करा. वजनातल्या फरकावरून किती मायक्रॉन गेलं ते कळतं, आणि फिटिंगच्या साइजला ते परवडतं का तेपण.

हुपरीच्या पाहुण्यांना मात्र ह्या टाकीपासून लांबच ठेवा. एसएसच्या पाण्यात चांदी बुडवायची नाही, ते पाणी त्याचं नाही. आणि धातू घालवूनच चमक येत असेल तर हिशोब बघा की, १०० चौरस सेंटिमीटरवरून फक्त ५ मायक्रॉन गेले तरी अर्धा ग्रॅम चांदी टाकीत. बफच्या धुळीतली चांदी गोळा करून परत वितळवता येते, पाण्यात विरघळलेली काढायला वेगळी प्रोसेस. वर अमोनियाचं पाणी आणि चांदी एकत्र बरेच दिवस पडून राहिलं, वाळलं, की त्यात धक्क्याने स्फोट होणारा काळा पदार्थ तयार होऊ शकतो, शाळेच्या लॅबमध्ये चांदीच्या आरशाचा प्रयोग झाल्यावर ते द्रावण साठवून ठेवू देत नाहीत ते ह्यामुळंच. पैंजण त्यांचे त्यांना हातानेच करू द्या.